अर्ध्या मिलिसेकंदाचा मऊपणा

गोल्फचा चेंडू आणि क्लबचं डोकं यांची गाठ पडते ती जेमतेम अर्धा मिलिसेकंद. एका सेकंदाचे दोन हजार भाग केले, तर त्यातला एक. एवढ्या वेळात ४६ ग्रॅमचा चेंडू चेपतो, पुन्हा फुगतो आणि निघूनही जातो. फटक्याचा आवाज खेळणाऱ्याच्या कानापर्यंत यायला साधारण पाच मिलिसेकंद लागतात. हाताला बसलेला हादरा मज्जातंतूंमधून मेंदूपर्यंत चढायला आणखी वेळ लागतो, पंधरा-वीस मिलिसेकंद तरी. ७ नंबरच्या आयर्नने, म्हणजे पोलादी पात्याच्या क्लबने, मारलेला चेंडू तोवर मीटरभर पुढे गेलेला असतो. म्हणजे ‘वा, काय लागलाय!’ असं आपल्याला वाटतं तेव्हा तो फटका कधीच होऊन गेलेला असतो. आपल्याला कळते ती फक्त त्याची बातमी.

या बातमीसाठी जगभरचे गोल्फर जपानी आयर्नवर जीव टाकतात. लांब फटक्याचा क्लब, म्हणजे ड्रायव्हर, कोणत्याही देशाचा असो, पण आयर्न जपानी, घडीव आणि ‘मऊ’ हवीत, असा हट्ट धरणारे खेळाडू तुम्हाला कुठल्याही गोल्फ कोर्सवर भेटतील. मऊ म्हणजे काय, असं विचारलं की ते लोण्याबद्दल बोलू लागतात. पोलादाच्या वीतभरही नसलेल्या तुकड्याबद्दल कुणी लोण्याची भाषा बोलावी, हेच मला पहिल्यापासून विलक्षण वाटत आलं आहे. हा मऊपणा खरा आहे की मनाचा खेळ? आणि खरा असेल, तर त्याने चेंडू नीट जातो का?

आधी एक जुना प्रयोग सांगतो. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने गोल्फच्या फटक्याची कसून चिरफाड केली. त्यावर अ‍ॅलेस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांनी लिहिलेलं ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ हे पुस्तक १९६८ मध्ये आलं. या मंडळींनी एक अजब क्लब बनवला होता. त्याच्या दांड्यात, डोक्याच्या अगदी वर, बिजागरी बसवलेली. अशा खिळखिळ्या क्लबने मारलेला चेंडूसुद्धा जवळजवळ नेहमीइतकाच लांब गेला! याचा अर्थ, त्या अर्ध्या मिलिसेकंदात दांडा, मनगट, खांदे यांना काही म्हणायची सोयच नसते. डोकं तेवढ्यापुरतं जणू हवेत सुटलेलं असतं आणि एकटंच चेंडूला भिडतं. आपण त्याला वेग दिला, दिशा दिली, आपलं काम संपलं.

मग डोक्याकडेच जाऊ या.

जपानच्या ह्योगो प्रांतात हिमेजीचा शुभ्र किल्ला आहे. त्याच्या उत्तरेला, इचिकावा नदीच्या खोऱ्यात, इचिकावा याच नावाचं छोटं गाव आहे. जपानी घडीव आयर्नची जन्मभूमी म्हणून ते ओळखलं जातं. हे याच भागात का झालं, ते पाहण्यासारखं आहे. जपानमधला गोल्फ सुरू झाला तोच मुळी ह्योगोत. आर्थर ग्रूम नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १९०१ मध्ये कोबे शहरामागच्या रोक्को डोंगरावर चार होल आखले आणि १९०३ मध्ये तिथेच कोबे गोल्फ क्लब उभा राहिला. पुढे १९३२ मध्ये याच प्रांतातल्या मिकी इथे हिरोनोचं नामांकित कोर्स झालं. मिकी म्हणजे करवती, रंधे आणि पटाशांचं गाव. सुताराच्या हत्याराला धार कशी धरायची हे पिढ्यान्‌पिढ्या जाणणारे लोहार तिथे होते. परदेशातून येणारी महागडी आयर्न पाहून ‘हे आपल्याला घडवता येईल का?’ असा प्रश्न याच पट्ट्यातल्या कारागिरांपुढे आला आणि १९३० च्या सुमारास इथे पहिली देशी आयर्न घडू लागली. खेळही इथेच होता, लोहारही इथेच होते.

आयर्न घडतं कसं, ते जरा जवळून पाहू. सुरुवात होते गोल सळईच्या एका तुकड्याने. पोलाद साधं, कमी कार्बनचं. जपानी मानकांत त्याला एस-२०-सी किंवा एस-२५-सी म्हणतात; त्यातला आकडा म्हणजे कार्बनचं प्रमाण, ०.२० किंवा ०.२५ टक्के. हा तुकडा साधारण १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. नारिंगी-पिवळा झाला की चिमट्याने उचलून साच्यावर ठेवायचा आणि वरून घणाचा प्रचंड ठोका. कडांनी पातळ पापुद्रा बाहेर सांडतो, तो कापून टाकायचा. पुन्हा तापवायचं, पुन्हा ठोकायचं, दर वेळी अधिक नेमक्या साच्यात. शेवटी हाती येतो तो काळपट, खरबरीत, पण आयर्नच्या आकाराचा गोळा.

खरी कसोटी इथून पुढे लागते. फिरत्या पट्ट्यावर कारागीर तो गोळा हाताने घासत बसतो. ७ नंबरच्या डोक्याचं वजन २७० ग्रॅमच्या आसपास लागतं. थोडं घासायचं, काट्यावर ठेवायचं, परत घासायचं. तळाची गोलाई, वरच्या कडेची जाडी, दांड्याकडून पात्याकडे उतरणारी वळणाची रेघ, हे सगळं डोळ्याने आणि बोटाने. ही रेघ चेंडूमागे क्लब टेकवल्यावर खेळाडूच्या नजरेत भरते, म्हणून तिच्यावर जपानी कारागीर एवढा वेळ घालवतात. मग खाचा, मग निकेल-क्रोमचा मुलामा.

यातही घराण्याघराण्याची रीत वेगळी. इचिकावाच्या मिउरा गिकेन या कारखान्याचे संस्थापक कात्सुहिरो मिउरा यांचा जन्म १९४२ चा. कंपनी त्यांनी १९७७ मध्ये काढली. मिउराकडे पातं वेगळं घडवतात आणि दांडा बसतो ती नळी, म्हणजे हॉझल, वेगाने फिरवून घर्षणाच्या उष्णतेने पात्याला जोडतात. नळीमध्येच वजन कमी-जास्त होऊ नये, प्रत्येक डोकं सारखं यावं, हा त्यामागचा विचार. मिझुनो कंपनीचं मत नेमकं उलट. पात्यापासून नळीपर्यंत सगळं एकाच सळईतून निघालं पाहिजे, म्हणजे पोलादातल्या कणांची ओळ कुठे तुटत नाही, असं ते मानतात. हिरोशिमात १९६८ पासून त्यांची आयर्न घडतात. तिसरं घराणं निइगाता प्रांतातल्या त्सुबामे गावचं. हे गाव एदो काळात खिळे बनवायचं, विसाव्या शतकात काटे-चमचे बनवू लागलं. तिथला एन्डो हा कारखाना कित्येक नामांकित कंपन्यांसाठी डोकी घडवतो आणि ‘एपॉन’ या नावाने स्वतःचीही विकतो. तिन्ही घराण्यांना त्यांचे भक्त आहेत आणि तिघांचे भक्त ‘आमचंच मऊ’ असं शपथेवर सांगतात.

आता मुद्द्यावर येतो. जपानी जाहिरातींत या पोलादाला मऊ लोखंड म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, चेंडू लागला की पातं किंचित दबत असेल, गादीसारखं. तसं काही होत नाही. पोलादाचा मऊपणा म्हणजे ते कायमचं वाकवायला किती जोर लागतो, त्यावर ओरखडा किती सहज उठतो, हा गुण. फटक्याच्या क्षणी मात्र कामाला येतो तो दुसरा गुण, म्हणजे ताठपणा. गंमत अशी की कमी कार्बनचं पोलाद असो की कडक मिश्र पोलाद, ताठपणा दोघांचा जवळपास एकच. चेंडूच्या मानाने दोन्ही सारखीच दगडी. चेपतो तो चेंडू. मऊ पोलादाचा हुकमी फायदा एकच. डोकं पकडीत धरून त्याचा कोन अंश-दोन अंश वाकवता येतो, तडकण्याची भीती नसते. उंच माणसाला, बुटक्या माणसाला क्लब बेतून देता येतो. हा फायदा मोठा आहे, पण लोण्याशी त्याचा संबंध नाही.

मग लोणी कुठून आलं?

कानातून. निदान बरंचसं कानातून. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी खेळाडूंकडून चेंडू मारून घेतले, आवाज आणि हाताला बसणारे कंप दोन्ही मोजले आणि फटका कसा ‘वाटला’ ते विचारलं. आवाज आणि ‘वाटणं’ यांचं नातं घट्ट निघालं. हे वाचल्यावर मला पहिलं आठवलं ते उन्हाळ्याच्या तोंडावर कुंभाराकडे माठ घेताना केलेलं परीक्षण. बोटाच्या पेराने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. बद्द वाजला की बाजूला ठेवायचा. आपण माठ ऐकतो आणि ठरवतो तो भाजला कसा आहे ते. गोल्फर आयर्न ऐकतो आणि त्याचा मेंदू ती बातमी तळहातावर नेऊन ठेवतो. त्याला खरोखरच हातात मऊ वाटतं. ते ढोंग नाही की भोळसटपणा नाही. दोन इंद्रियांकडून काही मिलिसेकंदांच्या अंतराने आलेल्या निरोपांची मेंदू अशीच एक गाठ मारतो.

मग प्रश्न उरतो, आवाज कशाने ठरतो? पोलादाच्या जातीपेक्षा कितीतरी अधिक तो आकाराने ठरतो. चेंडूच्या मागे जाडजूड धातू असेल, तर डोकं थोडंच थरथरतं, लवकर शांत होतं आणि आवाज बुटका, भरीव येतो, ‘थप्प’ असा. पातळ पत्रा ताणून बसवला असेल तर तो ढोलाच्या पानासारखा वाजत राहतो. जुन्या धाटणीचं जपानी मसल-बॅक आयर्न, ज्यात सगळा ऐवज पात्याच्या मध्याच्या मागे गोळा केलेला असतो, नेमकं या भरीव आवाजासाठी घडल्यासारखं असतं. घडाईने ते शक्य होतं, सोपं होतं. पण त्याच आकाराचं डोकं त्याच वजनात ओतून काढलं, तर डोळे आणि नावं झाकून किती जणांना फरक सांगता येईल, याबद्दल मला तरी मोठी शंका आहे. घडाईचं श्रेय बऱ्याच अंशी आकाराचं आहे, असं माझं मत आहे.

जपानी मंडळींना हे आवाजाचं गुपित फार आधी उमगलं असावं, असं मानायला जागा आहे. याच हिमेजीत म्योचिन नावाचं चिलखत बनवणाऱ्यांचं घराणं होतं. सामुराईंचा काळ संपला, चिलखतं कोण घेणार? त्यांनी शेगडीतले निखारे उचलायच्या लोखंडी काड्या घडवायला घेतल्या. पुढे शेगड्याही गेल्या, तेव्हा त्याच काड्या दोऱ्याला टांगून त्यांच्या वारा-घंटा केल्या. घडीव लोखंडाचा तो लांबत जाणारा, पाण्यासारखा स्वच्छ सूर ऐकायला लोक आजही त्या विकत घेतात. एकाच परिसरात एकाला लोखंडातून सूर काढायचा होता, दुसऱ्याला तो गिळून टाकायचा होता. दोघांचं शिक्षण मात्र ऐरणीवरच झालेलं.

आणि यामाहा! पियानो बनवणाऱ्या या कंपनीने १९८२ मध्ये गोल्फ क्लब बनवायला घेतले. वाद्याचा आवाज बेतण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी ड्रायव्हरचा आवाज बेतायचा, यात मला काहीच विसंगत दिसत नाही. सुमितोमो रबर या कोबेच्या कंपनीने २००० मध्ये ‘झेक्सिओ’ बाजारात आणला, त्याच्या ड्रायव्हरचा उंच, टणत्कारी आवाज तर जपानच्या कोर्सवर लांबून ओळखू येतो. वय झालेल्या, सावकाश फिरवणाऱ्या खेळाडूला तो आवाज सांगतो, लागला बरं का चांगला. मिझुनोने आपल्या डोक्यांच्या थरथरीचा अभ्यास करून कुठे धातू वाढवायचा, कुठे कमी करायचा हे ठरवायला सुरुवात केली. २०१९ च्या एमपी-२० मालिकेत त्यांनी क्रोमच्या खाली तांब्याचा पातळ थरही दिला. तो थर जाणवतो, असं मिझुनोचं म्हणणं. मला त्याचं रूप जास्त आवडतं: वापरून वापरून वरचा मुलामा झिजला की खालून तांबूस छटा डोकावते.

एक प्रयोग तुम्हीही करू शकता, कुठलंही आयर्न चालेल. ग्रिपच्या वरच्या टोकाशी दोन बोटांत क्लब सैल धरा, डोकं खाली लोंबू द्या. दुसऱ्या हातात चेंडू घ्या आणि पात्यावर हळूहळू टकटक करत टोकाकडून नळीकडे सरका. टोकाला डोकं गिरकी घेतं आणि बोटांना झिणझिण्या येतात. मध्याजवळ येता येता झिणझिण्या विरतात आणि एका जागी क्लब निमूट मागे सरतो, वळत नाही, थरथरत नाही. हाच तो स्वीट स्पॉट. मसल-बॅकमध्ये ही शांत जागा फार लहान असते, तिच्या बाहेर पडलात की लगेच कळतं. मागून पोखरलेल्या, कडांना वजन दिलेल्या कॅव्हिटी-बॅकमध्ये ती जागा पसरट लागते आणि कडा अस्पष्ट.

म्हणूनच चांगले खेळाडू या बातमीची इतकी किंमत करतात. चेंडू गेला तो गेला, तो फटका सुधारत नाही. पण फटका मध्याच्या नखभर बाहेर लागला की आत, वर की खाली, हे दर वेळी स्पष्ट कळलं तर पुढच्या शंभर फटक्यांत हात ते शिकतो. टायगर वुड्सने १९९७ ची मास्टर्स स्पर्धा बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली, तेव्हा त्याच्या बॅगेत मिझुनोची मसल-बॅक आयर्न होती. रोज शेकडो चेंडू मारणाऱ्या माणसाला असा बोलका क्लब परवडतो. पंधरवड्यातून एकदा खेळणाऱ्याला त्याच क्लबकडून बहुतेक वेळा फक्त झिणझिण्या मिळतात.

आता कामगिरी. हा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण चेंडूला तुमच्या हातात काय वाटलं याची खबर नसते. त्याला कळतो डोक्याचा वेग, पात्याचा कोन, लागण्याची जागा आणि पात्याची उसळी. यातली उसळी नियमांनी बांधली आहे. लोंबत्या गोळ्याने पातं ठोकून संपर्काचा काळ मोजतात. २३९ मायक्रोसेकंद, वर १८ ची सूट, यापलीकडे गेलेला ड्रायव्हर स्पर्धेत चालत नाही. डोक्याचं आकारमान ४६० घन सेंटिमीटर. जपानी असो, अमेरिकी असो, भिंत सगळ्यांना एकच. (जपानमध्ये या भिंतीपलीकडचे, जास्त उसळी देणारे ड्रायव्हर स्पर्धा न खेळणाऱ्या वयस्कांसाठी उघडपणे विकले जातात. मला हे फार माणुसकीचं वाटतं.) त्यामुळे मध्यावर लागलेल्या फटक्यात देशादेशाचा फरक शोधू नये. फरक पडतो तो चुकलेल्या फटक्यात, आणि तिथे मसल-बॅक कितीही मऊ वाजला तरी चेंडू आखूड पडतो.

आयर्नच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावीच लागते, ती म्हणजे पात्याचा कोन, लॉफ्ट. मिझुनोच्या एमपी-२० मसल-बॅकमध्ये ७ नंबरचा लॉफ्ट ३४ अंश आहे. यामाहाने ‘यूडी प्लस टू’ नावाची आयर्न आणली. दोन क्लब जास्त लांब, असा नावातच दावा. त्यातल्या ७ नंबरचा लॉफ्ट २६ अंश. आता एमपी-२० च्या ५ नंबरचा पाहा, २७ अंश. दोन क्लबांचा हिशेब लागला! पण ही निव्वळ आकड्यांची अदलाबदल म्हणून सोडून देता येत नाही. साध्या डोक्यात २६ अंशांचा चेंडू सावकाश फिरवणाऱ्याकडून उंच उठलाच नसता. यामाहाने वजन इतकं खाली आणि मागे नेलं की तो उठतो, हे खरं कौशल्य आहे. किंमत मोजावी लागते ती हिरवळीवर. फिरकी कमी, म्हणून चेंडू थांबायला वेळ लावतो. भरीव ‘थप्प’ही तिथे मिळत नाही, कारण एवढं वजन सरकवायचं तर मध्य पोखरावाच लागतो.

दांड्याबद्दल थोडक्यात, कारण ‘फील’मधला त्याचा वाटा डोक्याइतकाच मोठा आहे आणि त्यातही जपान पुढे आहे. फटक्याच्या क्षणी दांडा गप्प असतो, पण त्याआधीच्या अख्ख्या स्विंगमध्ये हातात तोच असतो. निप्पॉन शाफ्टने १९९९ मध्ये एन. एस. प्रो ९५० जीएच हा स्टीलचा दांडा काढला, वजन शंभर ग्रॅमच्या आत. जड स्टील दांडे १२०-१३० ग्रॅमचे असायचे. स्टीलचा ताळमेळ हवा पण वजन पेलत नाही, अशा असंख्य खेळाडूंना तो लाभला. कार्बनच्या दांड्यांचं मूळही तिकडेच सापडतं. आज ज्या प्रकारचा कार्बन धागा त्यांत वापरतात, त्याची वाट ओसाकाच्या अकिओ शिंदो यांनी १९५० च्या दशकाअखेरीस शोधली. विमानाच्या पंखांत जाण्यापूर्वी हा धागा मोठ्या प्रमाणावर खपला तो मासे धरायच्या गळाच्या काठ्यांत आणि गोल्फच्या दांड्यांत.

तेव्हा दोन जपानी आयर्न ताडून पाहायची असतील, तर मी असं करेन. दोघांचा ७ नंबर न घेता सारख्या लॉफ्टचे क्लब घेईन. दांडा त्याच वजनाचा. चेंडू एकच, आणि तोही तुम्ही रोज खेळता तोच. सरावाच्या रेंजवरचा टणक चेंडू मऊ आयर्नलाही खडखडीत करून सोडतो. पहिले दहा फटके कानात बोळे घालून मारा आणि पात्यावर पावडर लावून चेंडूचा ठसा कुठे उमटतो ते बघा. मग बोळे काढून पुढचे दहा. मिउराचा भरीवपणा, मिझुनोची किंचित लांबणारी आस, एपॉनचा नेमका ठोका, यातलं किती हातात होतं आणि किती कानात, ते तुमचं तुम्हाला दिसेल. ठसे मध्याभोवती दाटीने पडत असतील तर खुशाल मसल-बॅक घ्या. पात्यावर ते चौफेर विखुरलेले असतील तर कॅव्हिटी-बॅक घ्या; घडीव कॅव्हिटी-बॅक तिन्ही घराणी बनवतात आणि त्यांची घासकामाची रेघ तितकीच देखणी असते.